अमावास्येच्या रात्री चंद्र कुठून आला?

मालिकेतलं भूत भिंतीतून आरपार जातं, ते चालतं. कथेचा तो नियमच असतो. पण मांत्रिक ‘आज अमावास्या’ म्हणतो आणि पुढच्याच शॉटमध्ये वाड्याच्या कौलांवर चंद्र दिसतो, ते अजिबात चालत नाही. अमावास्येला चंद्र जवळपास सूर्याबरोबरच उगवतो आणि त्याच्याबरोबरच मावळतो. रात्री तो आकाशात नसतोच.

संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहणाऱ्या पुणेकरांना याचं अर्धं गणित ठाऊक असतं. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमारास, वद्य चतुर्थीला बहुधा ९ ते १० च्या दरम्यान, वद्य अष्टमीला मध्यरात्रीच्या आसपास. शुद्ध पक्षात हाच हिशेब मावळतीला लावायचा. तृतीयेची कोर सूर्यास्तानंतर दोन-अडीच तासांत मावळते. म्हणजे घड्याळात बाराचे ठोके पडताना खिडकीत चंद्रकोर दिसणं पुण्यात शक्य नाही.

त्या कोरीचा कलही बघावा. तिची उजळ बाजू नेहमी सूर्याकडे असते आणि रात्री सूर्य क्षितिजाखाली असतो. पुणे साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे सूर्य-चंद्र इथे बरेच सरळ खाली उतरतात. म्हणून संध्याकाळची कोर होडीसारखी आडवी दिसते, फेब्रुवारी-मार्चमध्ये तर जास्तच. मालिकेत ती कंसासारखी उभी दिसली, तर बहुधा युरोपातलं स्टॉक फुटेज, म्हणजे आधीच चित्रित केलेलं तयार दृश्य, वापरलेलं असतं. टोकं खाली वळलेली असतील, तर क्लिपच उलटी लावली आहे.

रंगांचीही गफलत होते. पौर्णिमेचा प्रकाश सूर्यप्रकाशाच्या सुमारे चार लाखावा भाग, आणि अर्ध्या चंद्राचा त्याच्याही जेमतेम दहावा. इतक्या अंधुक उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळपास निकामी होतात आणि लाल रंग सगळ्यात आधी काळा पडतो. चांदण्यात सांडलेलं रक्त काळंच दिसायला हवं. पडद्यावरची निळी रात्र हा कॅमेऱ्याचा संकेत आहे, तो मान्य. पण त्याच निळ्या रात्री रक्त लालभडक दिसलं की डोळा अडखळतो.

पुण्यात भुताची गोष्ट निघाली की शनिवारवाडा आलाच. नारायणराव पेशव्यांचा खून झाला ३० ऑगस्ट १७७३ रोजी, भाद्रपद शुद्ध त्रयोदशीला, आणि तोही भर दुपारी. त्या दिवशी चंद्र उगवायलाच पाच वाजत आले असणार. त्यामुळे पूर्ण चंद्राच्या उजेडात गारदी धावताना दाखवणं दुहेरी चूक ठरते. शिवाय वाड्याच्या आतल्या इमारती १८२८ च्या आगीत जळाल्या. उरले ते तट, दरवाजे आणि जोती. आजच्या काळातली नायिका तिथल्या झुंबरांच्या दिवाणखान्यात शिरूच शकत नाही.

कंटिन्युइटीत, म्हणजे एका शॉटचा पुढच्या शॉटशी मेळ राखण्यात, सगळ्यात जास्त दगा देते ती समई. तीन मिनिटांचा प्रसंग दिवसभर चित्रित होतो, मग संकलनात पुढचे-मागचे टेक शेजारी येतात. तेल एका शॉटमध्ये काठोकाठ, पुढच्यात तळाला, आणि तिसऱ्यात पुन्हा भरलेलं! उपाय सोपा आहे, पण तो नेटाने पाळावा लागतो. ‘कट’ म्हटलं की वाती विझवायच्या आणि फोटो काढायचा. एकाच लांबीच्या वाती आधीच वळून ठेवायच्या, आणि पुढच्या टेकआधी फोटोत बघून तेल तेवढंच करायचं. वातीच्या टोकावरची काजळीही फोटोशी ताडून पाहायची, कारण क्लोजअपमध्ये तीच आधी दिसते.

विजेचं तर साधं आहे. आवाज सुमारे तीन सेकंदांत एक किलोमीटर जातो. वीज सिंहगडाच्या दिशेला दहा किलोमीटरवर चमकली आणि पात्र शनिवार पेठेत उभं असेल, तर गडगडाट तिथे पोचायला जवळपास अर्धं मिनिट लागेल. तेवढी शांतता प्रसंगात ठेवून बघा, अंगावर काटा येईल.