थांबायचं कुठे, उचलायचं कुठून

आपला आवाज निघतो तो बाहेर पडणाऱ्या श्वासावर. श्वास संपला की थांबावंच लागतं, वाक्य पुरं झालेलं असो वा नसो. कुरआनमधली दुसऱ्या सूरेची (अध्यायाची) २८२वी आयत (वचन) एकटीच जवळजवळ पानभर आहे. ती एका दमात कोण म्हणणार? म्हणून तज्वीद, म्हणजे कुरआन पठणाचे नियम, शिकताना ‘वक्फ’ आणि ‘इब्तिदा’, म्हणजे थांबणं आणि सुरुवात करणं, हेही शिकावं लागतं. मिळकतीचा वक्फ तोही हाच शब्द: जिची खरेदी-विक्री थांबवली ती मालमत्ता.

थांबण्याइतकाच धोका पुन्हा उचलण्यात असतो. साठाव्या सूरेची पहिलीच आयत घ्या. ‘युख्रिजूनर्रसूल व इय्याकुम अन् तुअ्मिनू बिल्लाहि रब्बिकुम’, म्हणजे ते प्रेषिताला आणि तुम्हालाही घालवून देतात, का, तर तुम्ही आपल्या पालनकर्त्या अल्लाहवर श्रद्धा ठेवता. आता कुणी ‘रसूल’वर श्वास घेऊन थेट ‘व इय्याकुम’पासून उचललं, तर? अरबीत ‘इय्याकुम अन्’ अशी सुरुवात ताकीद देताना करतात. ऐकू येतं ते असं: ‘खबरदार, अल्लाहवर श्रद्धा ठेवाल तर!’ अक्षर एकही बदललेलं नाही, अर्थ मात्र पार उलटा. म्हणून मध्येच दम संपला तर कारी (पठण करणारा) मागे जातो आणि ‘युख्रिजून’पासून पुन्हा जोडून म्हणतो.

यासीन सूरेत उलटा प्रकार आहे, तिथे न थांबणं घातक. ‘त्यांच्या बोलण्याने तू दुःखी होऊ नकोस’ इथे थांबायचं, मग ‘आम्ही सारं जाणतो’. सलग म्हटलं, तर ‘आम्ही सारं जाणतो’ हे विरोधकांचंच बोलणं वाटेल. तिथे शब्दाच्या डोक्यावर छोटा ‘मीम’ (अरबी ‘म’) असतो: थांबाच.

थांबताना उच्चारही बदलतो. ‘रहमतुन’चं ‘रहमह’ होतं. अरबीत विभक्ती बहुधा शेवटच्या स्वरात असते आणि थांबल्यावर तोच गळतो. कानाला कळतं की इथे तुटलं.

सुरुवातीच्या हस्तलिखितांत या खुणा नव्हत्या. आपल्या उपखंडातल्या प्रतींत दिसणारी मीम, जीम वगैरे अक्षरं बाराव्या शतकातल्या सजावंदी यांच्या पद्धतीतली. मला थांबण्याच्या खुणांतली सर्वांत सुंदर वाटते ती तीन-तीन ठिपक्यांची जोडखूण. दुसऱ्या सूरेच्या आरंभी ती ‘फीहि’ (यात) या शब्दाच्या दोन्ही बाजूंना आहे. आधी थांबलात तर ‘हा ग्रंथ, शंकाच नाही, यात मार्गदर्शन आहे’. नंतर थांबलात तर ‘यात शंका नाही, हा मार्गदर्शन आहे’. दोन्ही चालतं. दोन्हीकडे थांबलात, तर ‘यात’ एकटाच लटकतो.