पदवीचा कायदा आणि नॅकची श्रेणी: खासगी विद्यापीठांची पार्श्वभूमी

‘विद्यापीठाला नॅक नाही, मग पदवी चालेल का?’ प्रवेशाच्या हंगामात हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि त्यात दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ असते. पदवी देण्याचा अधिकार संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कायद्यातून येतो. नॅक (राष्ट्रीय मूल्यांकन व अधिमान्यता परिषद) शिक्षणसंस्थेचा दर्जा तपासून श्रेणी देते, पदवीचा अधिकार देत नाही. नॅक स्थापन झाली 1994 साली; तोवर मुंबई विद्यापीठाची शंभरी कधीच उलटून गेली होती. शिवाय विद्यापीठाला किमान सहा वर्षे झाल्याशिवाय किंवा दोन तुकड्या उत्तीर्ण झाल्याशिवाय नॅककडे जाताच येत नाही. म्हणजे नव्या विद्यापीठाच्या पहिल्या विद्यार्थ्यांची पदवी बिगरनॅकचीच असते आणि तरीही ती पूर्ण वैध असू शकते.

कायद्याची मान्यता नसलेले विद्यापीठ म्हणजे बोगसच, हे समीकरण तसे अलीकडचे. धोंडो केशव कर्व्यांनी 1916 मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ काढले तेव्हा त्याला सरकारी सनद नव्हती. तिथली पदवी ‘गृहीतागमा’ नावाची. 1920 मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली, संस्था मोठी झाली, पण कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळायला 1951 उजाडले. गुजरात विद्यापीठ, काशी विद्यापीठ, पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ ही असहकाराच्या काळातली मंडळी तर सरकारी मान्यता मुद्दामच नाकारून उभी राहिली. त्यांतल्या बहुतेकांना पुढे ‘अभिमत’ (डीम्ड, म्हणजे केंद्राने विद्यापीठासमान मानलेली संस्था) दर्जा मिळाला. टिळक विद्यापीठाला 1987 मध्ये.

मान्यतेविना विद्यापीठ चालवण्याचे दार बंद झाले ते 1956 च्या विद्यापीठ अनुदान आयोग (यूजीसी) कायद्याने. कलम 22 प्रमाणे पदवी तिघांनाच देता येते: केंद्र वा राज्याच्या कायद्याने किंवा कायद्यान्वये स्थापन झालेले विद्यापीठ, कलम 3 खालचे अभिमत विद्यापीठ आणि संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. कलम 23 ने इतरांना नावात ‘युनिव्हर्सिटी’ लावायला मनाई केली; आधीपासून लावणाऱ्यांना बदलायला दोन वर्षे दिली. इथवर ठीक. खरी गंमत कलम 24 मध्ये आहे. उल्लंघनाला दंड किती, तर जास्तीत जास्त एक हजार रुपये. लाखालाखाच्या फिया गोळा करणाऱ्याला हा आकडा काय घाबरवणार? त्यामुळे यूजीसीच्या हातात उरते ते बनावट विद्यापीठांची यादी जाहीर करणे आणि राज्य सरकारला कारवाईसाठी पत्र लिहिणे. त्या यादीत नागपूरच्या पत्त्याचे एक नाव वर्षानुवर्षे तसेच आहे.

दुसरी फट राज्यघटनेतली. विद्यापीठ स्थापन करणे हा राज्यसूचीतील 32 व्या नोंदीचा विषय, पण उच्च शिक्षणाची मानके ठरवणे हे केंद्रसूचीतील 66 व्या नोंदीनुसार केंद्राचे काम. खासगी विद्यापीठांसाठी केंद्रीय विधेयक 1995 मध्ये राज्यसभेत आले, मंजूर मात्र झाले नाही. त्याच वर्षी सिक्कीमने स्वतःचा कायदा करून सिक्कीम मणिपाल विद्यापीठ उभे केले. मग छत्तीसगडने 2002 मध्ये कायदा करून कमालच केली: सरकारने नुसती राजपत्रात अधिसूचना काढली की विद्यापीठ स्थापन. बघता बघता 112 निघाली. कित्येकांना ना इमारत, ना आवार. काही तर एकेका खोलीत चालत होती.

यूजीसीचे माजी अध्यक्ष प्रा. यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले. 11 फेब्रुवारी 2005 च्या निकालाने त्या कायद्यातील कलम 5 आणि 6 रद्द झाली आणि त्यांच्या आधारे निघालेली विद्यापीठे एका फटक्यात संपली. नुसत्या प्रकल्प अहवालाला विद्यापीठाचे अस्तित्व देता येत नाही, हा निकालाचा गाभा. राज्याचा कायदा राज्याच्या हद्दीबाहेर चालत नाही, हेही त्यात आले. विद्यार्थी अधांतरी राहू नयेत म्हणून ते शिकत असलेल्या संस्था राज्यातल्या जुन्या विद्यापीठांना जोडून घेण्याचा मार्ग ठेवला गेला. अर्थात ज्यांच्याकडे वर्ग, प्रयोगशाळा काहीच नव्हते त्यांना त्याचा फार उपयोग नव्हता.

त्यानंतर सरळ रस्ता एकच उरला: विधिमंडळाचा रीतसर कायदा. महाराष्ट्रात 2014 पासून अॅमिटी, स्पायसर अॅडव्हेंटिस्ट अशी खासगी विद्यापीठे आली ती याच वाटेने.

म्हणून तपासताना माहितीपुस्तिकेवरची नॅकची ‘ए प्लस’ श्रेणी नंतर बघावी. आधी यूजीसीच्या राज्य खासगी विद्यापीठांच्या यादीत नाव आणि स्थापनेची तारीख पाहावी, मग राजपत्रातला कायदा. नाव अक्षरशः जुळले पाहिजे. एखादा शब्द इकडचा तिकडे करून नामांकित विद्यापीठाशी साधर्म्य साधणे ही जुनीच युक्ती. ‘अमुक खासगी विद्यापीठाशी संलग्न कॉलेज’ अशी पाटी दिसली तर तिथेच थांबावे, कारण यूजीसीच्या 2003 च्या नियमांनुसार खासगी विद्यापीठाला कॉलेजे संलग्न करता येत नाहीत. परराज्यातल्या विद्यापीठाचे ठाण्यात किंवा पुण्यात स्टडी सेंटर असेल तर हद्दीचा प्रश्न उभा राहतो. दूरशिक्षणाची मान्यता वेगळी घ्यावी लागते. ती त्याच अभ्यासक्रमाला आणि प्रवेशाच्या त्याच सत्रासाठी आहे का, हे बघावे. विधी, फार्मसी, नर्सिंग, वास्तुकला या शाखांत त्या त्या परिषदेची मंजुरीही लागते. ती नसेल तर विद्यापीठ कायदेशीर असूनही नोंदणी अडते, आणि हे बहुतेकांना कळते ते हातात मार्कशीट पडल्यावर.