ग्राहकांच्या अभिप्रायाचे स्क्रीनशॉट: पार्श्वभूमी

समाधानी ग्राहकाचं पत्र जाहिरातीत छापायची चाल एकोणिसाव्या शतकात बाटलीबंद 'रामबाण' औषधांनी रूढ केली. पत्र खरं की घरीच लिहिलेलं, ही शंकाही तेव्हापासूनचीच. ग्राहकाच्या चॅटचा स्क्रीनशॉट जाहिरातीत लावण्याचं प्रकरण मात्र अलीकडचं आहे.

2008 मध्ये आयफोनवर दोन बटणं दाबून स्क्रीन टिपता येऊ लागली, 2011 मध्ये अँड्रॉइड 4.0 ने तीच सोय दिली. त्याच सुमारास ग्राहकाशी बोलणंही चॅटवर सरकलं. वेबसाइटवरचं 'उत्तम सेवा, धन्यवाद' कोणी मनावर घेत नव्हतं, चॅट मात्र पटायचा. वर 17 टक्के बॅटरी, रात्रीचे सव्वाअकरा, शुद्धलेखनाच्या दोन चुका, शेवटी तीन इमोजी. हे कोणी बसून रचलं असेल असं वाटतच नाही. (आता असे चॅट बनवून देणारी साधनं फुकट मिळतात.)

अभिप्रायांच्या नियमांवरून खरी ठिणगी पडली ती 2009 च्या निर्णयाने, आणि तेव्हा स्क्रीनशॉट कोणाच्या डोक्यातही नव्हते. अमेरिकेतल्या नियामकाने (फेडरल ट्रेड कमिशन) 1980 पासून आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत एक पळवाट ठेवली होती. अभिप्रायातला फायदा सगळ्यांना होत नसेल, तर 'परिणाम व्यक्तीनुसार बदलू शकतात' अशा अर्थाची स्पष्ट ओळ टाकली की भागायचं. डिसेंबर 2009 पासून ही सवलत गेली. सर्वसाधारण ग्राहकाला किती फरक पडतो, तेच आता सांगायचं होतं. नियामकाने करून घेतलेल्या अभ्यासांत ठळक इशारा वाचूनही बऱ्याच जणांनी जाहिरातीतला परिणाम सर्रास मिळतो असंच धरलं होतं.

जाहिरातदारांनी बरीच ओरड केली. सरासरीचे आकडे आणायचे कुठून? आकडे नाहीत म्हणून खरा अभिप्रायही दाखवायचा नाही का? छोट्या विक्रेत्याच्या बाबतीत या तक्रारीत तथ्य आहे. पण आपल्या मालाने साधारण किती फरक पडतो हे विक्रेत्यालाच ठाऊक नसेल, तर त्याने ग्राहकाच्या तोंडून '15 दिवसांत 6 किलो' वदवून घेणं जास्त खटकतं. शिवाय ही मार्गदर्शक तत्त्वं म्हणजे कायदा नव्हे. कायद्याचा अर्थ नियामक कसा लावतो, एवढंच त्यांत असतं. ती मोडली म्हणून थेट दंड होत नाही, आधी दिशाभूल सिद्ध करावी लागते.

स्क्रीनशॉटमध्ये तर ती इशाऱ्याची ओळही नसते आणि कातर लावणं सोपं. 'ताई, खरंच फरक पडला!' हा संदेश जाहिरातीत येतो. त्याखालचं 'पण मी जेवणही पूर्ण बदललं होतं' कडेबाहेर राहतं. एकही अक्षर खोटं नाही, तरी अर्थ पालटलेला.

दुसरा गुंता नावाचा. ब्रिटनच्या जाहिरात संहितेनुसार अभिप्राय खरा असल्याचा पुरावा आणि देणाऱ्याचा संपर्क जवळ ठेवावा लागतो. युरोपीय संघात मे 2018 पासून वैयक्तिक माहितीचे कडक नियम लागू आहेत. संमती घेऊन संदेश वापरला असेल, तर ती ग्राहकाला मागेही घेता येते. विक्रेते यावर तोडगा म्हणून नाव पुसतात. पण नाव पुसलं की बघणाऱ्याला पडताळताही येत नाही आणि डीपी, पत्ता, ऑर्डरचा तपशील यांतून माणूस ओळखू येतो तो येतोच. फोनमधल्या हायलाइटर पेनने फासलेलं नाव तर ब्राइटनेस वाढवून पुन्हा वाचता येतं, हे अनेकांच्या गावीही नसतं. मूळ संवाद आणि संमतीचा संदेश जपून ठेवावा, नाव पुसणं त्यानंतरचं.

21 ऑक्टोबर 2024 पासून अमेरिकेत खोट्या, एआयने रचलेल्या आणि 'चांगलंच लिहा' या अटीवर विकत घेतलेल्या अभिप्रायांना थेट मनाई झाली. जाणूनबुजून केलेल्या दर उल्लंघनामागे दंड 2024 मध्ये 51,744 डॉलरपर्यंत होता. ग्राहकाच्या अनुभवाचं चुकीचं चित्र उभं करणंही या नियमात येतं. माझ्या मते कातरलेला संवाद तिथे बसायला हवा, पण त्यावर वाद घालायला जागा आहे. एका वस्तूचे अभिप्राय दुसरीखाली लावण्यावरचं कलम मसुद्यात होतं, अंतिम नियमातून ते गळलं. जुन्या मॉडेलचे स्क्रीनशॉट नव्याच्या जाहिरातीत फिरतात, त्यांना अजूनही 'दिशाभूल' हाच जुना निकष लावावा लागतो.