दोरीवरच्या दोन जर्स्या: गेलिक फुटबॉलमधला क्लब आणि काउंटी

डब्लिनमध्ये कडक ऊन पडणं ही बातमी असते, त्यामुळे पडलंच तर आम्ही घरातले सगळे कपडे एकदम धुवायला काढतो. अशा दिवशी मागच्या अंगणात दोरीवर दोन जर्स्या शेजारी शेजारी लटकत असतात. एक माझी. आकाशी निळी, डब्लिन काउंटीची, छातीवर ‘स्टेसिटी’ या हॉटेल कंपनीचं नाव. दुसरी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाची, त्याच्या क्लबची, छातीवर कोपऱ्यावरच्या मटणाच्या दुकानाचं नाव. आमच्या घरात मटण शिजत नाही, पण पोरगा आठवड्यातून दोनदा ते दुकान छातीवर मिरवत फिरतो.

पुण्याहून मेव्हणा आला होता. दोरीकडे बघत म्हणाला, “म्हणजे दाजी, तुमची टीम हॉटेलवाल्यांची आणि ह्याची खाटकाची?”

दोन्ही अंदाज चुकले. पण त्याचा दोष नाही, इथे आल्यावर पहिली दोन वर्षं मीही हाच घोळ घालत होतो. आयपीएल बघून आपली समजूत अशी होते की टीम म्हणजे मालक, खेळाडू म्हणजे लिलाव आणि छातीवरचं नाव म्हणजे पैशाचा उगम. त्यात ‘क्लब’ म्हटलं की डोळ्यांसमोर मँचेस्टर युनायटेड येतं. गेलिक फुटबॉलमध्ये ह्यातलं काहीच लागू पडत नाही.

आधी खेळ दोन ओळींत. एका बाजूला पंधरा जण, चेंडू हातातही घेता येतो, पायानेही मारता येतो. गोलखांब इंग्रजी ‘एच’सारखे. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला की गोल, म्हणजे तीन पॉइंट, वरून गेला की एरवी एक. हा खेळ चालवणारी संघटना म्हणजे जीएए (गेलिक अॅथलेटिक असोसिएशन), तिची स्थापना १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपररी काउंटीतल्या थर्ल्स गावच्या एका हॉटेलात झाली. खेळाडूंना पगार नाही. तेव्हा नव्हता, आजही नाही.

आता क्लब. क्लब म्हणजे पॅरिश, एका चर्चची पंचक्रोशी. जिथे राहता तिथला क्लब तुमचा, विषय संपला. आजोबा त्याच क्लबचे, काकू चहा-सँडविच बघतात, बाबा गोलखांबांना रंग देतात. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. अख्ख्या बेटावर ३२ काउंट्या, त्यातल्या सहा उत्तर आयर्लंडमधल्या. क्लबांमधून निवडलेल्या खेळाडूंची काउंटी टीम होते आणि तीच या खेळाची शिखरं गाठते. वर देशाची टीम अशी खरं तर नाहीच. ऑल-आयर्लंड या काउंट्यांच्या स्पर्धेची फायनल डब्लिनच्या क्रोक पार्कवर होते, तिथे ८२,३०० माणसं मावतात, आणि सॅम मॅग्वायर चषक उंचावणारा खेळाडू सोमवारी किंवा फार तर बुधवारी कामावर जातो.

केरी काउंटीच्या डेव्हिड क्लिफर्डचं उदाहरण घ्या, फरक लगेच कळतो. जुलै २०२२ मध्ये केरीने फायनलमध्ये गॉलवेला २० विरुद्ध १६ असं हरवलं, त्यातले आठ पॉइंट एकट्या क्लिफर्डचे. अंगात केरीची हिरवी-सोनेरी जर्सी. जानेवारी २०२३ मध्ये हाच माणूस पुन्हा क्रोक पार्कवर उतरला, या वेळी फॉसा या आपल्या गावच्या क्लबकडून. फॉसा म्हणजे किलार्नीच्या शेजारची छोटीशी वस्ती, आणि स्पर्धा क्लबांच्या तिसऱ्या पायरीवरची, तिथे तिला ज्युनियर म्हणतात. तीही त्यांनी जिंकली. देशातला सगळ्यात गाजलेला खेळाडू आणि स्पर्धा तालुका पातळीची! (क्लिफर्डकडे खरं तर तिसरीही जर्सी आहे. केरीत छोटे क्लब एकत्र येऊन विभागाची टीम उतरवतात, त्यात तो ईस्ट केरीकडून खेळतो. पण मेव्हण्याला मी हे सांगितलं नाही, आधीच त्याचा चेहरा पडला होता.) कुठल्याही स्पॉन्सरने थैली सैल केली तरी क्लिफर्ड डब्लिनचा होणार नाही. छातीवरचं नाव फक्त कापडावर राहतं.

ते नाव तरी कापडावर कधी आलं? उशिरा. काउंटीच्या छाताडावर जाहिरात लावायला जीएएने १९९१ मध्ये परवानगी दिली. त्याआधी पैसा आडवाटेने यायचा. १९८५ ची गोष्ट प्रसिद्ध आहे. केरी-डब्लिन फायनलच्या दिवशी सकाळी लोकांनी वर्तमानपत्र उघडलं तर बेंडिक्स वॉशिंग मशीनच्या जाहिरातीत साक्षात केरीचे खेळाडू! केवढा गहजब झाला. केरीने संध्याकाळपर्यंत डब्लिनला हरवलं, त्यामुळे केरीत तरी कुणी फार ओरडलं नसावं. योगायोग बघा, १९९१ ह्याच वर्षी डब्लिन आणि मीथ ही शेजारची वैरी जोडी पहिल्याच फेरीत अडकली. तीन सामने बरोबरीत, चौथा ६ जुलैला मीथने एका पॉइंटने मारला. चार सामन्यांना मिळून २ लाख ३७ हजारांवर प्रेक्षक. शेजाऱ्यांचं भांडण किती खपतं, हे कंपन्यांना वेगळं समजावून सांगायची गरज उरली नाही.

काउंटीच्या छातीवर जी नावं दिसतात ती वाचायलाही शिकावं लागतं. केरीच्या जर्सीवर वर्षानुवर्षं ‘केरी ग्रुप’ दिसतं. नवख्याला वाटतं, काउंटीचं नाव लिहिलंय. ती कंपनी आहे. दुधाच्या सहकारी संस्थेतून वाढलेली, ट्रॅलीत मुख्यालय असलेली, जगभर खाद्यपदार्थांचा कच्चा माल पुरवणारी. गॉलवेवर बराच काळ ‘सुपरमॅक्स’, म्हणजे १९७८ मध्ये बॅलिनस्लोत सुरू झालेली बर्गरची साखळी. हीच ती कंपनी जिने ‘बिग मॅक’च्या नावावरून मॅकडोनाल्ड्सला युरोपात कोर्टात जेरीस आणलं. मेयोवर बरीच वर्षं ‘एल्व्हरीज’, खेळाच्या सामानाची दुकानं. डब्लिनवर काही वर्षं ‘एआयजी’ ही अमेरिकन विमा कंपनी होती, जी त्याआधी मँचेस्टर युनायटेडच्या छातीवर होती. बाकीच्या काउंट्यांचा डब्लिनवरचा राग निम्मा इथूनच येतो. २०२२ च्या जनगणनेत डब्लिन काउंटीत साडेचौदा लाख माणसं, लेट्रिममध्ये पस्तीस हजार. मग कुठली मोठी कंपनी लेट्रिमच्या दारात रांग लावेल? २०१५ ते २०२० डब्लिनने सलग सहा वेळा चषक नेला, तेव्हा हा प्रश्न गावागावातल्या पबमध्ये दर रविवारी विचारला जात होता. मी डब्लिनचा असलो तरी माझं मत सांगतो: तक्रारीत दम आहे. पण फक्त पैशाने सहा चषक येत नाहीत, हेही खरं.

गंमत अशी की वैर काउंटीचं असतं, स्पॉन्सरला मात्र गिऱ्हाईक सगळ्यांचंच लागतं. एल्व्हरीजच्या दुकानात मेयोच्या हिरव्या-लाल जर्सीशेजारी गॉलवेची आणि डब्लिनचीही टांगलेली असते. केरीहून डब्लिनला येणारा एम-सेव्हन हा हमरस्ता मनीगॉल गावाजवळून जातो, तिथे ‘बराक ओबामा प्लाझा’ नावाचा थांबा आहे (ओबामांच्या पणजोबांचे आजोबा ह्या गावचे, म्हणून नाव). तो चालवतं कोण? सुपरमॅक्सवाले. म्हणजे २०२२ च्या फायनलला निघालेल्या केरीच्या किती लोकांनी गॉलवेच्या स्पॉन्सरचे चिप्स खाल्ले असतील आणि परत येताना जिंकल्याच्या आनंदात पुन्हा खाल्ले असतील, विचार करा.

क्लबच्या छातीवरचा व्यवहार ह्याहून फार वेगळा. तिथे करारनाम्याला वकील लागत नाही. पब, औषधांचं दुकान, ट्रॅक्टर दुरुस्तीवाला, मटणवाला असा कुणीतरी पोरांच्या जर्स्यांच्या एका सेटचे पैसे देतो. बदल्यात काय? नाव, आणि थोडीशी लाज राखणं: गावातला धंदा करणारा माणूस क्लबला नाही म्हणू शकत नाही, गणपतीच्या वर्गणीसारखंच. जर्सी मोठ्या भावाकडून धाकट्याकडे, धाकट्याकडून शेजारच्यांकडे जाते. मुलाच्या सरावाला एक पोरगी येते, तिच्या छातीवरचं दुकान बंद पडून तीन वर्षं झाली. नाव मात्र दर मंगळवारी मैदानात पळतंय. जुगारवाल्या कंपन्यांना मात्र दोन्हीकडे दार बंद आहे. सट्टेबाजीची स्पॉन्सरशिप नको, असा ठराव जीएएच्या वार्षिक अधिवेशनात फेब्रुवारी २०१८ मध्ये प्रचंड बहुमताने झाला.

मेव्हण्याची तिसरी चूक राहिलीच. बाहीवरचे तीन पट्टे बघून तो म्हणाला, “ही तरी आदिदासची ना?” आपल्या क्रिकेट टीमच्या खांद्यावर ते पट्टे बघून सवय झालेली. इथले पट्टे ओ’नील्सचे आहेत. १९१८ पासूनची आयरिश कंपनी, स्ट्रबेनला तिचा मोठा कारखाना. आदिदासने तीन पट्ट्यांवरून तिला आयर्लंडच्या सुप्रीम कोर्टापर्यंत खेचलं आणि १९८३ मध्ये हरली. म्हणून आयर्लंडमध्ये ओ’नील्सचे पट्टे तीन, बाहेर दोन. जर्सी शिवणारा एक, पैसे देणारा दुसरा, खेळणारा तिसरा. माझ्या नि मुलाच्या दोन्ही जर्स्यांवर शिवणारा मात्र एकच.

आता चाहत्यांच्या वैराकडे. वरवर बघता काउंटीचं वैर मोठं वाटतं, कारण तिथे ऐंशी हजार माणसं ओरडत असतात. पण क्रोक पार्कमध्ये दोन बाजूंच्या चाहत्यांना वेगळं कोंडत नाहीत. हिल-सोळा ह्या उभ्याने बघायच्या भागावर डब्लिनवाल्यांचा हक्क मानतात (२००६ च्या सेमीफायनलआधी मेयोच्या खेळाडूंनी मुद्दाम तिथेच जाऊन सराव केला होता, आणि नंतर सामनाही जिंकला!). बाकी ठिकाणी केरीची आजी आणि टायरोनचा ट्रकवाला एकाच रांगेत, डबा वाटून खातात. क्लबचं वैर मुरलेलं असतं. पलीकडच्या पॅरिशमध्ये तुमची बहीण दिलेली असते, बँकेत त्यांचाच माणूस बसतो, आणि १९८० च्या दशकातला एक नाकारलेला पॉइंट अजून बारशाच्या जेवणात निघतो.

दोन्ही एकमेकांत मिसळतात ते सीमेवर. बॅलहाडरीन हे गाव १८९८ च्या कायद्याने मेयोतून रॉसकॉमन काउंटीत गेलं. घरांचे पत्ते बदलले, क्लब मात्र हलला नाही, तो आजही मेयोतच खेळतो. २०१७ चा वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू अँडी मोरन ह्याच क्लबचा. पत्त्यावर रॉसकॉमन, अंगात मेयो.

आमच्या मटणवाल्याचंही तेच. माणूस मूळचा मेयोचा. त्याचा मुलगा डब्लिनच्या क्लबमध्ये वाढला, म्हणून क्लबच्या पोरांच्या जर्स्यांचे पैसे तो देतो. गल्ल्यामागे मात्र बारा महिने हिरवा-लाल झेंडा. मेयोने शेवटचा ऑल-आयर्लंड १९५१ मध्ये जिंकलाय, तरी झेंडा काढत नाही. आम्ही अंडी त्याच्याकडूनच घेतो. ऑगस्ट २०२१ मध्ये सेमीफायनलला मेयोने डब्लिनला जादा वेळेत १७ विरुद्ध १४ असं हरवून सहा वर्षांची सद्दी मोडली, त्यानंतर मी दुकानात गेलो. निळी जर्सी मुद्दाम घरी ठेवून गेलो होतो. त्याने डझनभर अंडी मोजली, खोकं पिशवीत ठेवलं आणि म्हणाला, “सतरा–चौदा.” मी किंमत विचारली होती.