कंपू

कंपू : महादजी व दौलतराव शिंदे यांच्या फौजेतील, युरोपीय सरदारांच्या हाताखाली कवायत शिकलेल्या पलटणी आणि तोफखाना मिळून झालेले पथक. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात याच नावाची वस्ती आहे. ‘लष्कर’ हे नावही दौलतरावांनी 1810 च्या सुमारास तेथे दिलेल्या तळावरूनच पडले.

हा शब्द इंग्रजी ‘कॅम्प’चा अपभ्रंश असल्याचे एक मत आहे, दुसरे मत तो पोर्तुगीज ‘काम्पो’वरून आणते. पहिल्या मताने अखेरच्या उकाराचा उलगडा होत नाही. पोर्तुगीज उच्चारात पदान्तीचा ओकार उकाराकडे झुकतो, म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते. ‘पगार’ हा शब्दही मराठीत पोर्तुगीजांकडूनच आला, आणि कंपूचा सारा इतिहास पगाराभोवतीच फिरतो. तळ, तळावरची पलटण आणि शेवटी टोळके असा अर्थ घसरत गेला असावा, ‘कंपूबाजी’ त्यातलीच.

शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई, बारगिराला पागेतला मिळे. घोडा मेला की शिलेदाराची रोजी बुडे, त्यामुळे तो घोडा जपून लढे. युरोपीय सेनानी द ब्वान्यने 1784 मध्ये महादजींसाठी दोन पलटणी उभारल्या, त्या मात्र बारमाही चाकरीच्या. तिलंगे व नजीब (पायदळाचे दोन प्रकार) हे शिपाई मुख्यतः अंतर्वेद (गंगा-यमुनेमधला मुलूख), अयोध्या प्रांत व रोहिलखंडातले. दख्खनी माणूस थोडाच. अंतर्वेदीतील जहागिरीचा वसूल त्यांच्या पगाराला लावून दिलेला होता. जखमेच्या मानाने इनाम मिळे, जायबंदी झालेल्याला निम्मा पगार चालू राही. पाटण व मेडता (1790), लाखेरी (जुने इंग्रजी ग्रंथ 1792 देतात, मराठी कागदांवरून 1793 सयुक्तिक) येथील लढायांत या व्यवस्थेचे फळ दिसले.

1803 च्या इंग्रज-मराठा युद्धात कंपनी सरकारने जाहीरनामा काढून शिंद्यांकडील इंग्रज अंमलदार फोडले. द ब्वान्यनंतर कंपूचा सेनापती झालेला पेराँ स्वतःच निघून गेला. शिपाई मात्र राहिले, आणि लासवारीच्या लढाईत बहुतेक युरोपीय अंमलदारांवाचून लढले. खरा घाव सर्जी अंजनगावच्या तहाने (30 डिसेंबर 1803) घातला. पराभवापेक्षाही तो वर्मी लागला, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे : अंतर्वेद गेली, म्हणजे भरतीचा मुलूख आणि पगाराचा वसूल एकाच कलमाने गेले. पुढे पगार तुंबणे नित्याचे झाले. महाराजपूर व पनिहार येथे इंग्रजांकडून झालेल्या पराभवांनंतर (29 डिसेंबर 1843) झालेल्या 1844 च्या तहाने दरबारची फौज 9,000 वर आणली. पैकी पायदळ 3,000.

ग्वाल्हेरजवळ मुरारला ठेवलेली कंटिंजंट ही निराळी फौज. तिचा खर्च ग्वाल्हेर संस्थानच्या वसुलातून भागे, अंमलदार इंग्रज असत. 14 जून 1857 रोजी तिने बंड केले.

स्वातंत्र्यानंतर संस्थानी पलटणी भारतीय सेनेत विलीन झाल्या. ‘14 कुमाऊं (ग्वाल्हेर)’ ही पलटण त्यांतलीच होती. चार वर्षांच्या मुदतीची, पुढे चौथा हिस्साच कायम करणारी सैन्यभरतीची अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हा, जून 2022 मध्ये, ग्वाल्हेरात तरुणांनी रेल्वे अडवल्या. मरणाऱ्या घोड्यापेक्षा जहागीर बरी, हा हिशेब कंपूच्या काळीही शिपायाच्याच बाजूने मांडला गेला होता. आता तो पेन्शनचा झाला आहे.