आयसीयूत तीन बेड रिकामे, तरी पेशंट परत का जातो?

सिव्हिलला नवीन क्रिटिकल केअर ब्लॉक, म्हणजे सिरियस पेशंटसाठी वेगळा विभाग, होणार अशी बातमी आली की त्यात एकच आकडा ठळक असतो, बेडचा. केंद्र सरकारच्या २०२१ च्या पीएम-अभिम (दवाखान्यांच्या पायाभूत सुविधा वाढवायच्या) योजनेत देशातल्या ६०२ जिल्ह्यांत असे ब्लॉक ठरलेत. मराठवाड्याला त्यांची किती गरज आहे हे ज्यानं हिंगोली-परभणीकडून सिरियस पेशंट घेऊन रात्री नांदेडची नाहीतर छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाची वाट धरलीय त्याला सांगायला नको. पण बातमीची चर्चा सुरू झाली की कुणीतरी म्हणतंच, "आहेत ते बेड तरी कुठं भरतात, सत्तर टक्केच तर भरलेले असतात, कशाला पाहिजेत नवे?" चांगली शिकलेली माणसं हे बोलतात आणि ते साफ चूक आहे, म्हणून हा लेख.

समजा १० बेडचा आयसीयू आहे. रोज सरासरी २ नवे पेशंट येतात, प्रत्येकजण सरासरी ४ दिवस राहतो. २ गुणिले ४, म्हणजे एका वेळेला सरासरी ८ बेड लागणार. आपल्याकडं १० आहेत, मग भागलं की!

नाही भागत. कारण पेशंट रोज मोजून दोन येत नाहीत. ते एकमेकांना विचारून येत नाहीत, आणि असं आपापलं स्वतंत्र येणं असलं की सरासरी २ असूनही वर्षातले साधारण ४९ दिवस एकही येत नाही आणि साधारण १९ दिवस पाच किंवा त्याहून जास्त येतात. अशा दिवशी वॉर्डात हमखास कुणीतरी म्हणतं की आज अमावास्या आहे, म्हणून गर्दी. अमावास्येचा काही संबंध नाही, नुसत्या योगायोगाचे असेच झुबके पडतात, आणि बिनगर्दीच्या अमावास्या कुणाच्या लक्षातच राहत नाहीत.

आता माझा आवडता भाग. हे कोडं आधी दवाखान्यात नाही, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुटलं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत आग्नेर एरलांग नावाचा गणिती होता, त्याच्यापुढं प्रश्न होता की लाईनी किती टाकल्या म्हणजे फारच थोडे कॉल "लाईन बिझी" म्हणून परत जातील. १९१७ मध्ये त्यानं सूत्र छापलं. लाईनच्या जागी बेड ठेवा, कॉलच्या जागी पेशंट, सूत्र तेच. करायची पद्धत अशी: बेड शून्य असले तर नकार १, म्हणजे सगळेच परत. पुढं एकेक बेड वाढवत जायचा आणि दर वेळी मागणी (आपली ८) गुणिले आधीचा नकार हे वर, आणि तेच अधिक बेडचा नंबर हे खाली, असा भागाकार करायचा. पहिल्या बेडला ८ भागिले ९, म्हणजे ०.८९. दुसऱ्याला ७.११ भागिले ९.११, म्हणजे ०.७८. असं करत दहाव्या बेडला ०.१२ येतं. वही घेऊन करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

०.१२ म्हणजे शंभरातले १२ पेशंट आले तेव्हा बेड नव्हता. बाकीचे ८८ जण किती बेड अडवतात? सरासरी ७. म्हणजे कागदावर दिसतं सत्तर टक्के भरलेलं, सरासरी तीन बेड रिकामे, आणि त्याच आयसीयूतून दर आठवा माणूस पुढं रेफर होतोय! हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं. आणखी एक गोष्ट मला अजून थक्क करते, की कुणी एक दिवस राहिला आणि कुणी वीस दिवस, तरी उत्तर बदलत नाही, फक्त राहण्याची सरासरी लागते.

सूत्र हातात आलं की बेड न वाढवता काय करता येईल तेही दिसतं. मेडिसिनचा १० बेडचा आयसीयू वेगळा आणि सर्जरीचा १० चा वेगळा, दोघांवर मागणी ८-८, तर दोन्हीकडून १२ टक्के परत. तेच २० बेड एकत्र चालवले तर नकार साडेसहा टक्क्यांच्या आत येतो, एक रुपयाचा बेड न घेता. दुसरं म्हणजे बरा झालेला पेशंट. वॉर्डात जागा नाही म्हणून तो आयसीयूतच पडून राहतो. राहण्याची सरासरी ४ दिवसांवरून साडेतीन केली तर १२ चे ८ टक्के होतात, आणि अकरावा बेड आणून टाकला तरी ८ टक्केच होतात. म्हणजे दर पेशंटमागं अर्धा दिवस वाचवणं बरोबर एक नवीन बेड.

प्रत्यक्षात आपल्याकडं याहून अवघड आहे, कारण पावसाळ्यात पेशंट स्वतंत्र येतच नाहीत. फवारणीची विषबाधा आणि सर्पदंश त्याच महिन्यांत वाढतात. मण्यार चावलेल्याचा श्वासाचा स्नायूच लुळा पडतो, त्याला वेळेत व्हेंटिलेटर मिळाला तर तो वाचतो, आणि ही वेळ आधी मांत्रिकाकडं घालवू नका हे हात जोडून सांगणं आहे.

आणि बेड म्हणजे नुसती कॉट नव्हे. १९५२ च्या पोलिओच्या साथीत, पुन्हा कोपनहेगनमध्येच, भूलतज्ज्ञ डॉ. ब्योर्न इब्सेन यांच्या पद्धतीनं सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळीपाळीनं हातानं पिशव्या दाबून पेशंटना श्वास दिला. आयसीयूची सुरुवात तिथून झाली, मशीनच्या आधी माणसं होती. व्हेंटिलेटरच्या एका पेशंटला चोवीस तास एक सिस्टर द्यायची तर आठवड्याच्या २१ ड्युट्या होतात, एकीला जास्तीत जास्त ६, म्हणजे साडेतीन सिस्टर, रजा आणि नाईट ऑफ धरले की साडेचार-पाच. असे दहा बेड म्हणजे ४५ ते ५० सिस्टर. पदं भरली नाहीत तर सूत्रात १० लिहायचं नाही, जितक्या बेडना सिस्टर आहे तितकेच लिहायचे.

एरलांगच्या सूत्राचा सगळा जीव परत गेलेल्या कॉलमध्ये होता. दवाखान्याच्या अहवालात भरलेल्या बेडची टक्केवारी येते, तशीच दर महिन्याला "बेड नाही म्हणून रेफर केले" ही संख्याही यायला पाहिजे, वेळ आणि आजारासकट. नवा ब्लॉक ५० बेडचा करायचा की १०० चा हे त्या संख्येवरून ठरवता येतं, सत्तर टक्क्यांवरून नाही.