बंद करायला बटणच नाही: न्यूक्लियर मेडिसिनचा टेक्नॉलॉजिस्ट नेमकं काय शिकतो

एक्स-रेमध्ये किरण मशीनमधून निघतात, पेशंटच्या आरपार जातात आणि बटण सोडलं की विषय संपला. न्यूक्लियर मेडिसिनमध्ये सगळा उलटा कारभार. किरण सोडणारं (किरणोत्सारी) औषध शिरेतून आत जातं, किरण पेशंटच्या अंगातून बाहेर येतात आणि गॅमा कॅमेरा नुसता ते टिपत बसतो. म्हणजे इंजेक्शन दिल्यानंतर किरण सोडणारी वस्तू कोण, तर समोर बसलेले काका, आणि काकांना बंद करायला बटण नाही! एवढं डोक्यात बसलं की हा कोर्स करणाऱ्या पोरापोरींकडून काय काय घोटून घेतात आणि का, ते आपोआप कळतं. नाहीतर घरच्यांना वाटतं सीटी स्कॅनवाल्यासारखंच काहीतरी असेल, पेशंटला झोपवायचं आणि क्लिक करायचं.

आपल्याकडे या शिक्षणाचं माहेरघर म्हणजे परळ. बीएआरसीचं, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राचं, रेडिएशन मेडिसिन सेंटर तिथे, टाटा मेमोरियलच्या अ‍ॅनेक्स इमारतीत, 1963 मध्ये सुरू झालेलं. देशातलं पहिलं मेडिकल सायक्लोट्रॉन (औषधासाठी किरणोत्सारी मूलद्रव्यं बनवणारं यंत्र) आणि पहिलं पेट स्कॅनर इथेच आलं, 2002 मध्ये. डीएमआरआयटी, म्हणजे मेडिकल रेडिओआयसोटोप टेक्निक्सचा डिप्लोमा, पण इथलाच. आता बीएस्सी, एमएस्सी असे कोर्स बऱ्याच ठिकाणी निघालेत. मॅथ्स नको म्हणून बायोलॉजी घेतलेल्यांना मात्र आधीच सांगून ठेवतो, इथे एक्स्पोनेन्शियल आणि लॉग पाठ सोडत नाहीत.

कारण दिवस सुरू होतो तो हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषधं तयार करायच्या खोलीत. तिथे शिशाच्या जाड कवचात जनरेटर असतो, आत अ‍ॅल्युमिनाच्या छोट्या नळीवर मॉलिब्डेनम-99 चिकटून बसलेलं, अर्धायुष्य (म्हणजे निम्मं व्हायला लागणारा वेळ) 66 तास, आणि त्यातून सतत औषधात लागणारं टेक्निशियम-99एम तयार होत असतं, त्याचं अर्धायुष्य फक्त 6 तास. एका सुईवर सलाइनची छोटी बाटली लावायची, दुसरीवर हवा काढून घेतलेली रिकामी बाटली, की व्हॅक्यूममुळे सलाइन नळीतून खेचलं जातं आणि सोबत टेक्निशियम धुऊन आणतं, मॉलिब्डेनम जागचं हलत नाही. म्हशीसारखंच आहे, सकाळी धार काढली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत परत भरते, फक्त आठवडाभरात आटत जाते.

काढलं म्हणून लगेच टोचलं असं चालत नाही हं. मॉलिब्डेनम चुकून सुटून आलं असेल तर पेशंटला किरणांचा फुकटचा डोस बसतो. म्हणून ती बाटली शिशाच्या डबीत ठेवून मोजतात. टेक्निशियमचे किरण 140 केईव्हीचे (केईव्ही म्हणजे किरणाच्या ऊर्जेचं माप), ते डबीतच अडकतात, मॉलिब्डेनमचे 740 केईव्हीचे असतात, ते बाहेर येतात आणि मीटर लगेच चुगली करतो. 1 मिलिक्युरी टेक्निशियममागे 0.15 मायक्रोक्युरीच्या (क्युरी हे किरणोत्साराचं माप) वर मॉलिब्डेनम दिसलं तर तो माल वापरायचा नाही, बाहेर कितीही मोठी रांग लागलेली असू दे.

मग हिशोब. बोन स्कॅनचं, म्हणजे हाडांच्या स्कॅनचं, इंजेक्शन 10 वाजता द्यायचंय, त्या वेळी 20 मिलिक्युरी हवेत आणि तुम्ही 7 वाजता भरताय, तर 28 च्या थोडं वर भरायला लागतं, कारण मधल्या तीन तासांत बाकीचं उडून जाणार. पेट स्कॅनला वापरतात ते फ्लोरिन-18 तर 110 मिनिटांतच निम्मं होतं. ज्या गावात सायक्लोट्रॉन नाही तिथे ते गाडीने येतं, घाटात ट्रॅफिक लागलं की इकडे टेक्नॉलॉजिस्टचा सगळा दिवस पुन्हा मांडायचा, कोणाला आधी, कोणाला उद्या, आणि लोक तर रात्रीपासून उपाशी.

हाताचा वेग पण शिकवतात. आधी नुसतं साधं सलाइन घेऊन तीच सिरिंज, तेच जड शील्ड, तीच हालचाल परत परत करून घेतात, हात बसला की मग खरं औषध. सिरिंज भरायला अर्धा मिनिट कमी लागला तर बोटांना तेवढा डोस कमी. लांब उभं राहण्याचा फायदा तर विचारूच नका, अंतर दुप्पट केलं की मारा साधारण चौथ्या हिश्श्यावर. लोकांना वाटतं शिशाचा एप्रन घातला की झालं. टेक्निशियमचे किरण निम्मे करायला 0.3 मिलिमीटरच्या आसपास शिसं पुरतं, पण पेटचे किरण 511 केईव्हीचे, त्यांना त्यासाठी 4-5 मिलिमीटर लागतं, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा एप्रन तिथे नुसतं अंगावरचं ओझं.

म्हणजे सुई टोचली की पेशंटपासून लांब राहायचं, आणि म्हणूनच माझ्या मते या कामातला खरा कस त्याआधीच्या बोलण्यात लागतो. गरोदर आहात का, बाळ अंगावर पितंय का, शुगरची गोळी घेतली का, सगळं सुईच्या आधी विचारायचं, आधी समजवायचं. "काका, काय शंका असेल ती आत्ताच विचारा, नंतर मी तिकडून बोलेन, राग मानू नका." हे जो नीट बोलतो त्याचा पेशंट घाबरत नाही. जो आधी गप्प राहतो आणि मग लांब पळतो, त्याच्या पेशंटला वाटतं मला काहीतरी भयंकर झालंय.

पेटच्या पेशंटला इंजेक्शननंतर तासभर गप्प पडून राहायला सांगतात, त्यालाही कारण आहे. औषध म्हणजे एक प्रकारची साखरच, जो स्नायू काम करेल तो ती ओढून घेतो. फोनवर गप्पा मारल्या की स्वरयंत्र उजळतं, थंडी वाजली तर मानेजवळची ब्राऊन फॅट (अंग गरम ठेवणारी चरबी), म्हणून ब्लँकेट द्यायचं. बोन स्कॅनमध्ये आणखी एक गंमत, खरं म्हणजे गंमत कसली. औषध लघवीतून बाहेर पडतं, कपड्यावर एक थेंब सांडला तरी स्कॅनवर कमरेच्या हाडावर काळा ठिपका दिसू शकतो, कॅन्सर पसरल्यासारखा! चांगला टेक्नॉलॉजिस्ट डॉक्टरकडे फोटो जायच्या आधीच थांबतो, कपडे बदलायला लावतो, कातडी पुसून घेतो, कॅमेरा तिरका करून परत फोटो काढतो. ठिपका गेला तर लघवी होती. तसंच सुई शिरेबाहेर गेली तर औषध दंडातच साठतं आणि हाडांचा फोटो फिका येतो. ही नजर पुस्तक वाचून येत नाही, रोज पन्नास फोटो पाहायला लागतात.

घरच्यांची काळजी असते ती डोसची. छातीवर टीएलडी बॅज असतो, अंगावर किती किरण पडले ते मोजणारा, तो दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मर्यादा म्हणजे पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसीव्हर्ट (हे अंगाला बसलेल्या डोसचं माप) आणि कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. नीट काम करणारा माणूस त्याच्या बराच खाली राहतो.

अ‍ॅडमिशन घेणार असाल तर ब्रोशरमधल्या चकचकीत मशीनचा फोटो बघून भुलू नका. एईआरबीच्या नियमात तो कोर्स बसतो का, जनरेटर स्वतःच्या हाताने चालवायला मिळणार का, गॅमा कॅमेरा आणि पेट दोन्हीवर पोस्टिंग आहे का, आणि थायरॉइडसाठी आयोडीन-131 देणारा वॉर्ड आहे का, एवढं तरी तिथल्या सीनियर पोरांना गाठून विचारा, ऑफिसातल्या बाईंना नको.